सोयाबीन पोटात गेल्यावर: आयसोफ्लेव्होनचं पुढे काय होतं?

सोयाबद्दलच्या बातम्या साधारण दोनच प्रकारच्या असतात. एकीत सोया हाडं, हृदय, रजोनिवृत्ती या सगळ्यांवर गुणकारी ठरतं. दुसरीत तेच सोया पुरुषांची हार्मोन बिघडवतं आणि स्तनात गाठी वाढवतं. गंमत अशी की दोन्ही बातम्या एकाच पदार्थाकडे बोट दाखवतात: आयसोफ्लेव्होन. आणि दोन्ही ताटापाशीच थांबतात. अमुक पदार्थात तमुक मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन आहेत, म्हणजे तेवढे अंगी लागले, असं गृहीत धरून वाद सुरू होतो.

ताट आणि पेशी यांच्या मध्ये मात्र बरंच काही घडतं. आतड्याच्या अस्तरावरचं एक एन्झाइम, यकृत आणि मोठ्या आतड्यातले मोजके जिवाणू मिळून ठरवतात की खाल्लेल्यातलं किती, कोणत्या रूपात आणि किती तास रक्तात राहणार. एकाच टोफूचे दोन तुकडे दोन माणसांनी खाल्ले तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या लघवीत वेगवेगळी रसायनं सापडू शकतात. हा मधला टप्पा समजला नाही तर सोयावरचं कुठलंही संशोधन धड वाचता येत नाही.

## सोयाबीनमध्ये नेमकं काय असतं?

आयसोफ्लेव्होन ही वनस्पतींनी स्वतःसाठी बनवलेली रसायनं. मुळांशी गाठी करून राहणाऱ्या, नत्र धरून ठेवणाऱ्या जिवाणूंना बोलावणं आणि बुरशीपासून बचाव करणं ही त्यांची मूळ कामं. सोयाबीनमध्ये ती प्रामुख्याने तीन: जेनिस्टीन, डेडझीन आणि ग्लायसिटीन. ढोबळमानाने निम्मा वाटा जेनिस्टीनचा, चाळीस टक्क्यांच्या आसपास डेडझीनचा आणि उरलेला ग्लायसिटीनचा.

पण सोयाबीनमध्ये ती सुटी नसतात. जवळजवळ प्रत्येक रेणूला ग्लुकोजचा एक रेणू जोडलेला असतो, आणि बऱ्याचदा त्या ग्लुकोजवर आणखी एक छोटा आम्लाचा गट चिकटलेला असतो. तीन मूळ रसायनं आणि प्रत्येकाची चार रूपं, अशी एकूण बारा रूपं. यांना भुईमुगाच्या शेंगेसारखं समजा: खरं काम करणारा दाणा आत, बाहेर साखरेचं टरफल. टरफलासकट असलेल्याला आपण ‘साखरबंद’ म्हणू आणि टरफल निघालेल्याला ‘मोकळं’. पुढे हे दोनच शब्द पुरतील.

हा फरक लेबल वाचतानाही कामाला येतो. साखरबंद जेनिस्टीनच्या वजनात साधारण ३८ टक्के वाटा निव्वळ टरफलाचा असतो. म्हणजे एका गोळीवर ‘१०० मिग्रॅ आयसोफ्लेव्होन’ लिहिलंय आणि ते साखरबंद रूपातलं वजन असेल, तर मोकळं रसायन ६० मिग्रॅच्या जरा वर भरतं. दुसऱ्या गोळीवर ‘६० मिग्रॅ’ लिहिलंय आणि ते मोकळ्या रूपातलं वजन आहे, तर दोन्ही गोळ्या जवळपास सारख्याच. लेबलवर ‘अ‍ॅग्लायकोन’ असा शब्द दिसला तर आकडा मोकळ्या रूपातला आहे असं समजायचं. तो शब्द नसेल तर आकड्यांची तुलना करू नये, मग वेष्टन कितीही चकचकीत असो. या लेखात पुढे जे आकडे येतील ते सगळे मोकळ्या रूपातले आहेत.

## शिजवताना आणि प्रक्रियेत काय बदलतं?

कच्च्या सोयाबीनमध्ये बहुतेक रेणू त्या जादा आम्लगटासकट असतात. पाण्यात उकळलं की तो गट निघून जातो आणि साधं साखरबंद रूप उरतं. टरफल शाबूतच राहतं. कोरडं भाजलं की वेगळा गट तयार होतो, पण टरफल तरीही तसंच. नुसत्या उष्णतेने टरफल फुटत नाही आणि आतला दाणाही सहसा नष्ट होत नाही. म्हणून ‘शिजवल्यावर सगळं जातं’ हेही खरं नाही आणि ‘शिजवल्यावर सगळं मोकळं होतं’ हेही नाही.

टरफल खरोखर फोडतं ते आंबवणं. टेंपे, मिसो आणि नात्तो बनवताना बुरशी किंवा जिवाणू आपली एन्झाइम सोडतात आणि साखर आपल्यासाठी कापून घेतात. म्हणून आंबवलेल्या पदार्थांत मोकळ्या रूपाचा वाटा बराच मोठा असतो, तर टोफू आणि सोया दुधात बहुतेक सगळं साखरबंदच राहतं.

एकूण प्रमाण घटतं ते मात्र धुण्याने. आयसोफ्लेव्होन तेलात जवळजवळ उतरत नाहीत, त्यामुळे सोयाबीन तेलात ते नगण्य. सोया सॉस इतका पातळ आणि वापरतोही इतका कमी की त्यालाही हिशेबात धरायला नको. भिजवणीचं पाणी आणि टोफू दाबताना निघणारं पाणी यांतून थोडे जातात. सगळ्यात मोठी गळती कारखान्यात होते: सोया प्रथिनाचा कॉन्सन्ट्रेट बनवताना काही ठिकाणी अल्कोहोलने धुतात, आणि आयसोफ्लेव्होन अल्कोहोलमध्ये छान विरघळतात. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांत पाण्याने धुतलेल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये १०० ग्रॅममागे ९० मिग्रॅच्या वर आयसोफ्लेव्होन दिसतात, आणि अल्कोहोलने धुतलेल्यात १२ मिग्रॅच्या आसपास. डब्यावर दोन्हीला ‘सोया प्रोटीन’च म्हणतात.

घरगुती अंदाजासाठी एक सोपं गणित पुरतं. फारशी प्रक्रिया न झालेल्या सोया पदार्थात १ ग्रॅम प्रथिनामागे साधारण ३.५ मिग्रॅ आयसोफ्लेव्होन धरावेत. २५० मिली सोया दुधात ७ ग्रॅम प्रथिन असेल तर अंदाजे २५ मिग्रॅ. ८ ग्रॅम प्रथिन असलेला १०० ग्रॅम टोफू, २८ मिग्रॅ. सोयाबीनचं वाण, हवामान आणि कंपनीची पद्धत यांमुळे खरा आकडा दीडपट-दुपटीने इकडेतिकडे होतो, पण दिशा कळायला एवढं बस्स. प्रोटीन पावडर, प्रोटीन बार आणि मांसाच्या जागी विकले जाणारे सोया पदार्थ यांना हे गणित लावू नये. वर सांगितलेलं धुणं त्यांत कुठल्या पद्धतीचं झालंय ते लेबलवर नसतं.

## टरफल कुठे फुटतं?

साखरबंद रूप आतड्याच्या भिंतीतून जसंच्या तसं जात नाही. पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध असतं, आणि साखर जोडलेला रेणू पाण्यात रमणारा आणि वर आकाराने मोठा. तो आवरणापाशीच अडतो. मोकळं रूप लहान आणि स्निग्धाशी जुळवून घेणारं असल्यामुळे ते पेशीत सहज झिरपतं.

म्हणून शोषणाआधी साखर कापावी लागते. लहान आतड्याच्या अस्तरावर हे काम मुख्यतः जे एन्झाइम करतं ते आपल्या ओळखीचं आहे: लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर फोडणारंच. मग दूध न पचणाऱ्यांचं काय? त्यांचं लॅक्टेज कमी असतं, पण आयसोफ्लेव्होनचं दार त्यामुळे बंद होत नाही. लहान आतड्यात न फुटलेले रेणू पुढे मोठ्या आतड्यात जातात, आणि तिथल्या जिवाणूंकडे साखर कापणारी एन्झाइम मुबलक असतात. फक्त काम उशिरा होतं.

या उशिराचा परिणाम रक्तात मोजता येतो. शुद्ध रसायनं देऊन केलेल्या प्रयोगांत मोकळं रूप दिल्यावर रक्तातली पातळी साधारण ५ ते ७ तासांत शिखरावर पोहोचली. साखरबंद दिल्यावर ९ तासांच्या आसपास. टेंपे किंवा मिसोतलं लवकर चढतं आणि टोफूतलं सावकाश, त्याचं कारण हेच. पण ‘आंबवलेलं म्हणजे कित्येक पट जास्त शोषलं जातं’ हा प्रचार जपूनच घ्यावा. वेग बदलतो हे नक्की; दिवसभराचा एकूण हिशेब घेतला की फरक जाहिरातीत सांगतात तेवढा उरत नाही.

आणखी एक गोष्ट. डोस दुप्पट केला म्हणून रक्तातलं प्रमाण दुप्पट होत नाही. एका वेळी मोठी मात्रा घेतली तर तिचा कमी हिस्सा शोषला जातो. सोयाचे पदार्थ सकाळ-संध्याकाळ विभागून खाल्ले तर त्याच ग्रॅममध्ये पातळी अधिक समान राहते.

## शोषलं गेलं, तरी रक्तात मोकळं का सापडत नाही?

इथे बऱ्याच बातम्यांचा धागा सुटतो. मोकळं जेनिस्टीन आतड्याच्या पेशीत शिरलं की ती पेशीच त्याला नवं टरफल चढवते. या वेळी साखर वेगळी असते, ग्लुकुरोनिक आम्ल नावाची. काही रेणूंना गंधकाचा गट, म्हणजे सल्फेट लावला जातो. जे यातून निसटतं ते रक्तवाहिनीने थेट यकृताकडे जातं, आणि यकृतात तेच काम पुन्हा होतं. शरीर नको असलेल्या बहुतेक बाहेरच्या रसायनांशी असंच वागतं: पाण्यात विरघळेल असं करायचं म्हणजे मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येतं.

परिणाम असा की माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या जेनिस्टीन-डेडझीनपैकी ९५ टक्क्यांहून जास्त भाग टरफल चढवलेला असतो. मोकळा भाग काही टक्केच. आणि इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागण्याची क्षमता मुख्यतः मोकळ्या भागात आहे. त्यामुळे ‘रक्तात जेनिस्टीन आढळलं’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: एकूण की मोकळं?

टरफल चढलेला काही माल यकृतातून पित्तात उतरतो आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतो. तिथे जिवाणू ते टरफल परत काढतात, आणि रेणू दुसऱ्यांदा शोषला जाऊ शकतो. या फेऱ्यामुळे आयसोफ्लेव्होनचा मुक्काम थोडा लांबतो. तरीही रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण ७ ते ९ तासच लागतात, आणि एक-दोन दिवसांत बहुतेक सगळं लघवी आणि विष्ठेवाटे निघून जातं. चरबीत वर्षानुवर्षं साठत जाणारी ही रसायनं नव्हेत. आठवड्यातून एकदा भरपूर सोया खाणाऱ्याच्या रक्तात बाकीचे पाच दिवस जवळजवळ काहीच नसतं.

लघवीत डेडझीन खाल्ल्याच्या साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त सापडतं, जेनिस्टीन त्याहून बरंच कमी. म्हणजे उरलेलं सगळं शोषलंच नाही असं नव्हे. बरंचसं जिवाणूंनी तोडून वेगळंच काही केलेलं असतं. जेनिस्टीनचा शेवट तर इतक्या साध्या रेणूंत होतो की त्यांत इस्ट्रोजेनसारखा गुण औषधालाही उरत नाही.

## मोठ्या आतड्यात: सगळ्यांकडे नसलेले जिवाणू

या विषयातला सगळ्यात रंजक भाग डेडझीनच्या वाट्याला आला आहे. मोठ्या आतड्यात त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. पहिल्या रस्त्याने रेणूचं मधलं कडं तुटतं आणि ओ-डीएमए नावाचा फारसा कामाचा नसलेला पदार्थ बनतो. हे ८० ते ९० टक्के माणसांत होतं. दुसऱ्या रस्त्याने जिवाणू डेडझीनला टप्प्याटप्प्याने हायड्रोजन जोडत जातात आणि इक्वॉल तयार होतं. एकाच माणसात दोन्ही रस्ते चालू असू शकतात. इक्वॉल मूळ डेडझीनपेक्षा इस्ट्रोजेनच्या ग्राहींना जास्त घट्ट चिकटतं आणि शरीरात जास्त वेळ टिकतं. ग्राही म्हणजे पेशीतलं ते प्रथिन, ज्याला हार्मोन चिकटल्यावर पेशीला हुकूम मिळतो.

अडचण एवढीच की इक्वॉल बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. पाश्चात्त्य देशांत २५ ते ३० टक्के प्रौढांत ते आढळतात, तर जपान, कोरिया आणि चीनमध्ये ५० ते ६० टक्क्यांत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी कितीही सोया खाल्लं तरी इक्वॉल बनत नाही. माणसाची स्वतःची कुठलीच पेशी हे काम करू शकत नाही. जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत इक्वॉल सापडत नाही. नवजात बाळांतही नाही, कारण त्यांच्या आतड्यात हे जिवाणू अजून वस्तीला आलेले नसतात. अँटिबायोटिक्सच्या कोर्सनंतर इक्वॉल घटू किंवा थांबू शकतं, त्याचंही कारण तेच. ज्या जिवाणूंची ओळख पटली आहे त्यांत अ‍ॅडलरक्रॉयत्झिया आणि स्लॅकिया या गटांतले काही आहेत.

इक्वॉल पहिल्यांदा सापडलं ते १९३२ मध्ये, गाभण घोडीच्या लघवीत. तेव्हा त्याचा सोयाशी संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या मोठ्या प्रमाणावर वांझ होऊ लागल्या. त्या एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरत होत्या. त्या गवतात फॉर्मोनोनेटिन नावाचं आयसोफ्लेव्होन भरपूर असतं. मेंढीच्या पोटातले जिवाणू त्याचं आधी डेडझीन आणि मग इक्वॉल करतात. ‘वनस्पतीतलं रसायन प्रजनन बिघडवू शकतं’ हा धडा तिथून आला आणि सोयाला आजही त्याचा जाच होतो. पण त्या मेंढ्या दिवसभर दुसरं काही खात नव्हत्या, आणि मेंढी जवळजवळ सगळं इक्वॉलमध्येच बदलते. १९८२ मध्ये माणसाच्या लघवीतही इक्वॉल सापडलं, आणि मग लक्षात आलं की माणसांत ते कुणात बनतं, कुणात नाही.

इक्वॉलवाले आणि बिनइक्वॉलवाले एकाच गटात टाकून सरासरी काढली की एखाद्याला झालेला फायदा दुसऱ्याच्या शून्यात बुडतो. जुन्या बऱ्याच चाचण्यांत हा फरक मोजलाच नव्हता. मात्र नवीन चाचण्यांत मोजल्यावर प्रत्येक वेळी इक्वॉलवालेच पुढे निघाले असंही नाही. निकाल मिश्र आहेत. ‘इक्वॉल म्हणजेच सोयाचा खरा फायदा’ असं ठामपणे सांगून गोळ्या विकणाऱ्यांनी तेवढं लपवू नये.

## ‘हे तर बायकांचं हार्मोन, पुरुषांनी कसं खावं?’

आयसोफ्लेव्होनचा रेणू इस्ट्रोजेनसारखा दिसतो आणि त्याच्या ग्राहींना चिकटतो, हे खरं. पण ग्राही दोन प्रकारचे असतात, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध १९९६ मध्ये लागला. स्तन आणि गर्भाशयाच्या वाढीचे हुकूम मुख्यतः अल्फामार्फत जातात. जेनिस्टीनची ओढ बीटाकडे अल्फापेक्षा कितीतरी जास्त आहे. शरीराचं स्वतःचं इस्ट्रोजेन दोन्हींना सारखंच चिकटतं. त्यामुळे ‘सोयात इस्ट्रोजेन असतं’ हे वाक्यच चुकीचं आहे.

यावर चांगला वाचक एक रास्त शंका काढेल. आयसोफ्लेव्होन कमजोर असतील, पण सोया खाल्ल्यावर रक्तात त्यांचं एकूण प्रमाण एक मायक्रोमोलपर्यंत जातं, आणि स्त्रीच्या रक्तातलं मुख्य इस्ट्रोजेन एक नॅनोमोलच्या आतबाहेर असतं. हजार पटींचा फरक! मग कमजोरी कुठे राहिली? उत्तर मागच्या दोन टप्प्यांत आहे. त्या एका मायक्रोमोलपैकी बहुतेक सगळं टरफल चढलेलं, म्हणजे निष्क्रियच असतं. आणि उरलेलं बीटाकडे झुकतं. नुसतं ‘कमजोर आहे’ म्हणून हा प्रश्न उडवून लावणारे लेख अर्धवट आहेत. प्रश्न बरोबर आहे, उत्तर फक्त पचनाच्या वाटेवरून शोधावं लागतं.

पुरुषांपुरतं बोलायचं तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ४१ अभ्यास तपासले होते. सोया किंवा आयसोफ्लेव्होन घेतल्याने टेस्टोस्टेरॉन घटलं नाही आणि इस्ट्रोजेन वाढलं नाही. मग पुरुषाचे स्तन वाढल्याची ती गाजलेली घटना? ती २००८ मधल्या एका वैद्यकीय नोंदीतली. तो माणूस रोज सुमारे २.८ लिटर सोया दूध पीत होता. वरचं गणित लावा: ८० ग्रॅमच्या जरा आत प्रथिन, म्हणजे २७५ मिग्रॅच्या आसपास आयसोफ्लेव्होन, रोज. दूध बंद केल्यावर त्रास गेला. रोज दोन पेले पिणाऱ्याला ही घटना काही सांगत नाही.

## ‘उंदरांत गाठी वाढल्या होत्या, त्याचं काय?’

वाढल्या होत्या. अंडाशय काढलेल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी रोवल्या आणि त्यांना जेनिस्टीन खाऊ घातलं, तेव्हा गाठी वाढल्या. प्रयोग चोख होता. प्रश्न आहे तो माणसाला लावण्याचा.

पहिली गोष्ट, उंदराचं शरीर जेनिस्टीनला माणसाइतक्या तत्परतेने टरफल चढवत नाही. तेवढाच डोस दिला तरी उंदराच्या रक्तात मोकळं जेनिस्टीन माणसापेक्षा कित्येक पट जास्त राहतं. दुसरी, उंदीर जवळजवळ सगळेच इक्वॉल बनवतात. तिसरी गोष्ट त्याच प्रकारच्या प्रयोगांतून आली: जेनिस्टीनची मात्रा सारखी ठेवून एका गटाला सोयाचं पीठ दिलं आणि दुसऱ्याला शुद्ध केलेलं रसायन, तर पिठाने गाठी वाढल्या नाहीत, शुद्ध रसायनाने वाढल्या. अख्ख्या अन्नातला आणि गोळीतला तोच रेणू शरीरात वेगळा वागतो.

माणसांकडे पाहिलं तर शांघायमध्ये स्तनकर्करोगातून गेलेल्या सुमारे ५,००० स्त्रियांचा पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. जास्त सोया अन्न खाणाऱ्यांत आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, सोयानेच ते घडलं असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण नुकसानीची भीती मात्र त्यातून बरीच कमी होते. इस्ट्रोजेनवर वाढणारा कर्करोग झालेल्या स्त्रीने जेवणात टोफू खाणं आणि तिने स्वतःच्या मनाने आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या घेणं, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कॅन्सरतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये.

## थायरॉइडची गोळी, लोह आणि गॅस

थायरॉइडचा बहुतेक गोंधळ शोषणाचाच आहे. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या निरोगी माणसाची थायरॉइड सोयाने बिघडत नाही. पण थायरॉइड कमी पडणाऱ्यांना दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सोयाबरोबर घेतली तर आतड्यातून तिचं शोषण घटू शकतं. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. आणि नाश्त्याला सोया दूध असेल तर ते दुपारनंतर ढकललेलं बरं. त्याहून महत्त्वाचं, सोयाचं प्रमाण एकदम वाढवू किंवा बंद करू नये. डोस तुमच्या रोजच्या खाण्यावर बेतलेला असतो. मोठा बदल केलाच तर ६ ते ८ आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, तपासून घ्यावं.

सोयातल्या फायटेटचं काम उलटं आहे. ते स्वतः जवळजवळ शोषलं जात नाही, पण आतड्यात लोह आणि जस्ताला धरून ठेवतं. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं यांनी ते कमी होतं. नुसतं शिजवून फारसं नाही. त्याच जेवणात लिंबू किंवा क जीवनसत्त्वाचं काही असेल तर लोह बरंच सुटतं.

गॅसला जबाबदार रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा. त्या फोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही, म्हणून त्या थेट जिवाणूंच्या हाती पडतात. रात्रभर भिजवून पाणी फेकलं की त्यांचा बराच भाग जातो, सोबत थोडे आयसोफ्लेव्होनही जातात, आणि हा सौदा परवडतो. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं सोयाबीन मात्र कधीच खाऊ नये. त्यातले ट्रिप्सिन रोधक, म्हणजे प्रथिन पचवणारं एन्झाइम अडवणारे पदार्थ, ओल्या उष्णतेनेच निकामी होतात. भिजवलेलं सोयाबीन उकळायला लागल्यापासून किमान अर्धा तास तरी शिजवावं. घरी सोया दूध करताना ते फेसाळून वर आलं म्हणजे उकळलं असा समज होतो; तो फेस उकळीच्या बराच आधी येतो. आच कमी करून फेस बसू द्यायचा आणि मग खरी उकळी आल्यावर पुढे १५-२० मिनिटं ढवळत ठेवायचं.

## गोळ्या घ्यायच्या असतील तर

रजोनिवृत्तीतल्या अंगाच्या वाफांसाठी आयसोफ्लेव्होनवर सगळ्यात जास्त काम झालं आहे. चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात खोट्या गोळीच्या तुलनेत वाफांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी आणि तीव्रता सुमारे २६ टक्क्यांनी घटलेली दिसली. परिणाम दिसायला आठवडे लागतात. चार दिवसांत काही होत नाही म्हणून डोस वाढवू नये. ज्या गोळ्यांत रोजचं जेनिस्टीन १९ मिग्रॅच्या आसपास किंवा जास्त होतं त्या अधिक परिणामकारक ठरल्या. इथे लेबलचा आणखी एक सापळा आहे: सोयाबीनच्या अंकुरापासून बनवलेल्या गोळ्यांत डेडझीन आणि ग्लायसिटीन भरपूर, पण जेनिस्टीन कमी असतं. एकूण आकडा मोठा दिसतो आणि हवा तो भाग थोडा.

सुरक्षेबद्दल युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत रोज ३५ ते १५० मिग्रॅच्या गोळ्यांनी स्तन, गर्भाशय किंवा थायरॉइडला अपाय झाल्याचा संकेत त्यांना मिळाला नाही. हा निष्कर्ष इस्ट्रोजेनवर वाढणारा कर्करोग असलेल्या किंवा होऊन गेलेल्या स्त्रियांसाठी नव्हता.

आपण इक्वॉल बनवतो का, हे कळायला सोपी रीत आहे. सलग तीन दिवस सोया दूध किंवा टोफू खायचं आणि चौथ्या दिवशी लघवी तपासणीला द्यायची. प्रयोगशाळा त्यातलं इक्वॉल आणि डेडझीन यांचं गुणोत्तर काढते. नुसतं इक्वॉल मोजून भागत नाही, कारण त्या तीन दिवसांत सोया कमी खाल्लं असेल तर इक्वॉल बनवणाऱ्याचा आकडाही लहान येतो. तपासणीआधी नुकताच अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला असेल तर ती काही आठवडे पुढे ढकलावी, नाहीतर निकाल तुमच्या नेहमीच्या पोटाचा न येता औषधाने साफ केलेल्या पोटाचा येतो.